किलोभराच्या जिवाची भूक

काही शब्द वस्तूचे नाव सांगता सांगता ते वापरणाऱ्याचे मनही उघड करून जातात. ‘टॉय ब्रीड’ हा त्यांपैकीच एक. चिहुआहुआ, पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, माल्टीज अशा अतिशय लहान चणीच्या कुत्र्यांना पाश्चात्त्य श्वानसंघटनांनी ‘टॉय’, म्हणजे खेळण्यांच्या गटात बसविले. संघटनांच्या लेखी ते केवळ वर्गीकरणाचे नाव असेल. पण बाजाराने ते शब्दशः खरे करून दाखविले. खेळणे दुकानात निवडावे, घरी आणावे, मुलांच्या हाती द्यावे आणि कंटाळा आला की कोपऱ्यात ठेवून द्यावे, तसेच आज या जिवांचे होऊ लागले आहे. फरक इतकाच की, कोपऱ्यात ठेवलेल्या खेळण्याला भूक लागत नाही.

ठाण्याहून पनवेलकडे जाणारा जुना महामार्ग आणि कल्याणहून येणारा रस्ता जिथे एकमेकांना भेटतात, तो शीळफाटा पाव शतकापूर्वीपर्यंत एक वळण म्हणूनच ओळखला जात असे. आजूबाजूला भातशेती होती, आगरी बांधवांची गावे होती आणि खिडकाळीचे प्राचीन शिवमंदिर होते. गावातल्या प्रत्येक अंगणात एखादे कुत्रे असे. भाताची पेज, भाकरीचा तुकडा, सुक्या मासळीचे डोके यांवर ते वाढे आणि रात्री अनोळखी पावलांवर भुंकून त्या अन्नाची परतफेड करी. त्याच्या खाण्यापिण्याचे नखरे हा विषय कोणाच्या स्वप्नातही आला नसता. आज याच कल्याण-शीळ रस्त्यावर निळजे-पलावापर्यंत वीस-वीस, तीस-तीस मजल्यांची गृहसंकुले उभी आहेत. त्यांत डोंबिवली, ठाणे, मुलुंड येथून मोठ्या घराच्या आशेने आलेली मध्यमवर्गीय कुटुंबे राहतात. अंगण गेले, पण प्राण्याची ओढ गेली नाही. सदनिका लहान म्हणून कुत्रेही लहान, असा सोपा हिशेब मांडला जातो आणि मुलाच्या वाढदिवसाला किलोभर वजनाचे, कापसाच्या गोळ्यासारखे पिल्लू घरात येते. पहिले दोन दिवस छायाचित्रे काढण्यात जातात. तिसऱ्या दिवशी तक्रार सुरू होते: “हे काही खातच नाही!”

ही तक्रार वरवर किरकोळ वाटते. वस्तुतः आपली कुटुंबे, आपला दिनक्रम आणि सजीव सृष्टीकडे पाहण्याची आपली दृष्टी या तिन्हींची परीक्षा तिच्यात दडलेली आहे.

नखरा कोणाचा?

पिल्लू खात नाही याचा पहिला अर्थ घरातील मंडळी ‘नखरेल आहे’ असा लावतात. मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या बाबतीत तो कदाचित खराही असेल. परंतु दोन-अडीच महिन्यांच्या या इवल्या जिवाच्या न खाण्यामागे बहुधा नखरा नसतो, कारण असते.

पिल्लू तीन-चार आठवड्यांचे झाले की, आईचे दूध हळूहळू सुटू लागते आणि सात-आठ आठवड्यांपर्यंत ते मऊ अन्नावर स्थिरावते. या काळात ते एकटे जेवत नाही. चार भावंडांच्या अंगावर चढत, एकमेकांना ढकलत, एकाच थाळीत तोंड घालून ते जेवते. पंगतीतली ही धडपड हीच त्याची भूक वाढविणारी शक्ती असते. भावंडाला किती जोराने चावले की ते ओरडते, आई कधी रागावते, हेही ते इथेच शिकते. ज्या दिवशी ते टोपलीतून आपल्या घरी येते, त्या दिवशी त्याची आई, भावंडे, ओळखीचा वास, ओळखीची ऊब आणि ओळखीचे अन्न हे सर्व एकदम नाहीसे होते. त्याच्या जागी चकचकीत फरशी, दूरचित्रवाणीचा आवाज आणि कुरवाळणारे आठ-दहा हात येतात. अशा वेळी त्याने थाळीकडे पाठ फिरविली, तर तो त्याचा दोष कसा म्हणावा?

दुसरी कारणे शरीराची आहेत. पोटात जंत असणे, दात येताना हिरड्या दुखणे, गायीचे दूध न पचून जुलाब होणे, अन्न एकाएकी बदलणे यांमुळे भूक मंदावते. पार्व्हो विषाणूची बाधा तर लस पूर्ण न झालेल्या पिल्लाचा दोन-तीन दिवसांत घास घेऊ शकते. १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेलेला हा विषाणू अल्पावधीत जगभर पसरला. आजही उलट्या, रक्तमिश्रित जुलाब आणि अन्नावरची वासना उडणे हीच त्याची लक्षणे आहेत. म्हणूनच न खाणाऱ्या पिल्लाला आधी पशुवैद्याकडे न्यावे आणि मग त्याच्या स्वभावाविषयी मत बनवावे.

‘भूक लागली की खाईल’ हे खरे का?

घरातील ज्येष्ठांचा एक अनुभवसिद्ध सल्ला असतो. “कौतुक करू नका, उपाशी राहू द्या, भूक लागली की आपोआप खाईल.” मुलांच्या बाबतीत आणि अंगणातल्या कुत्र्याच्या बाबतीत हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडला आहे. या पिल्लाच्या बाबतीत मात्र तो जीवघेणा ठरू शकतो, आणि हे ज्येष्ठांना आदराने पण स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

याचे कारण शरीरशास्त्रात आहे. शरीराला लागणारी साखर यकृत साठवून ठेवते आणि दोन जेवणांच्या मधल्या वेळेत थोडी थोडी रक्तात सोडते. या पिल्लाचे यकृत इतके लहान असते की, हा साठा काही तासांतच संपतो. दुसरीकडे देहाच्या मानाने मेंदू मोठा असतो आणि मेंदूला साखरेचा अखंड पुरवठा लागतो. लहान देह ऊबही लवकर गमावतो, त्यामुळे वातानुकूलित खोलीत त्याची शक्ती आणखी वेगाने खर्च होते. एक-दोन वेळचे जेवण चुकले की, रक्तातील साखर उतरते. आधी पिल्लू सुस्त होते, मग पाय लटपटतात, हिरड्या थंड व फिकट पडतात, अंग थरथरते, झटके येतात आणि वेळीच उपाय न झाल्यास ते बेशुद्ध होऊन दगावते. काल संध्याकाळपर्यंत बागडणारे पिल्लू सकाळी निपचित सापडल्याच्या ज्या हकिगती ऐकू येतात, त्यांतल्या कित्येकींचे मूळ या उपासात असते.

यावरील प्रथमोपचार प्रत्येक पालकाला तोंडपाठ हवा. मध किंवा ग्लुकोजचे घट्ट द्रावण बोटावर घेऊन पिल्लाच्या हिरड्यांना चोळावे. ते शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी किंवा दूध ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. मऊ कपड्यात गुंडाळून ऊब द्यावी आणि तरतरी आली तरीही तडक पशुवैद्याकडे न्यावे. शीळफाट्याच्या रहिवाशाला यातल्या पहिल्या पायरीचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. संध्याकाळी सात वाजता कल्याण-शीळ रस्त्यावर वाहनांची रांग लागली की, रुग्णवाहिकेलाही वाट मिळणे कठीण होते. परळच्या किंवा महालक्ष्मीच्या मोठ्या पशुरुग्णालयाचे नाव माहीत असणे निराळे आणि तिथे वेळेत पोहोचणे निराळे. रस्ता मोकळा होईपर्यंत त्या जिवाला जगविण्याचे काम घरातील मधाच्या बाटलीलाच करावे लागते.

लाड आणि शिस्त

उपाशी ठेवणे हे एक टोक झाले. दुसरे टोक लाडांचे. पिल्लाने कोरडे खाद्य नाकारले की, आई त्यावर चिकनचे पाणी घालते. तेही नाकारले की, बाबा पनीर देतात. मुलगा बिस्किट देतो, आजी दुधात पोळी कुस्करते आणि शेजारच्या काकू येता येता केकचा तुकडा भरवितात. चार दिवसांत पिल्लाला एक गोष्ट पक्की कळते की, नकार दिला की अधिक चवदार पदार्थ येतो. खरा नखरेलपणा इथे जन्माला येतो आणि त्याला जन्म देणारे आपणच असतो. मोबाईल दाखविल्याशिवाय न जेवणारी मुले ज्या घरांत घडतात, त्याच घरांत न जेवणारी पिल्लेही घडावीत, हा योगायोग खचितच नाही.

शिवाय आपल्याला रुचते ते त्याला पचेलच असे नाही. चॉकलेट, द्राक्षे व मनुका, कांदा-लसूण आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या गोळ्या कुत्र्यांना विषासमान आहेत. सहा फुटी माणसाला नगण्य वाटणारे प्रमाण किलोभराच्या देहाला घातक ठरते. तळलेले व तुपकट पदार्थ स्वादुपिंडाला सूज आणतात. नुसते मांस खाऊ घातले तर कॅल्शियमअभावी हाडे ठिसूळ होतात. नुसत्या दूधभातावर ठेवले तर प्रथिने अपुरी पडतात. शाकाहारी घरांत हा प्रश्न अधिक नाजूक असतो. कुत्रा हा मांजरासारखा पूर्णतः मांसावर अवलंबून असलेला प्राणी नाही. पशुवैद्याच्या सल्ल्याने नीट आखलेल्या संतुलित शाकाहारावर तो राहू शकतो. पण ‘आमच्याकडे हेच शिजते’ एवढेच म्हणून त्याच्या पुढ्यात वरणभात ठेवणे म्हणजे संतुलित आहार नव्हे.

मग मार्ग कोणता? तो आपल्या घराण्यांत मुले वाढविताना चालत आलेलाच आहे: वेळ ठरलेली, जागा ठरलेली, पदार्थ ठरलेला आणि मन प्रसन्न. पहिले दोन आठवडे, पैदासकाराकडे जे अन्न चालू होते तेच द्यावे. बदल करायचाच तर जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत आठ-दहा दिवसांत करावा. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून किमान चार वेळा आणि फारच लहान पिल्लाला त्याहून अधिक वेळा थोडे थोडे खाऊ घालावे. शेवटचा घास रात्री झोपण्यापूर्वी द्यावा. कोरडे खाद्य कोमट पाण्यात भिजवून मऊ केले की, त्याचा वास खुलतो व हिरड्यांनाही सोसते. थाळीसमोर पिल्लाभोवती गर्दी करू नये. एकाने शेजारी शांत बसावे. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले उचलावे, परंतु पुढची वेळ चुकवू नये. दोन वेळा सलग नाकारले तर शिस्तीचा आग्रह सोडून वैद्य गाठावा. स्वयंपाकघरातील लहान काट्यावर रोज त्याचे वजन करून वहीत टिपून ठेवावे. वाढत्या वयात वजन थांबले किंवा उतरले, तर पिल्लू बोलत नसले तरी तो आकडा बोलतो. घरात कोणी काय भरवायचे हे एकाच व्यक्तीने ठरवावे आणि बाकीच्यांनी ते पाळावे. ही शेवटची अट सर्वांत सोपी दिसते आणि बहुतेक घरांत तीच सर्वांत आधी मोडते.

लहान करण्याचा हव्यास

हा जीव मुळात इतका नाजूक का, हा प्रश्न यापुढचा आहे. निसर्गाने रानात असा प्राणी घडविला नाही. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या लहानात लहान नर-मादी निवडून तो घडविला. या निवडीचा इतिहास राजवाड्यांतून जातो. १८६० मध्ये दुसऱ्या अफूयुद्धात ब्रिटिश व फ्रेंच सैन्याने पेकिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला, तेव्हा त्यांना तिथे दरबारात पाळलेली पाच पेकिनीज कुत्री सापडली. त्यांतले एक इंग्लंडला नेऊन व्हिक्टोरिया राणीला नजर करण्यात आले. राणीच्या घरात त्याचे नाव ठेवले गेले ‘लूटी’! लूट हा शब्द इंग्रजांनी आपल्याच देशातून उचलला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या नावातला निर्लज्ज विनोद पुरता कळतो. पुढे याच राणीने १८८८ मध्ये फ्लॉरेन्सहून लहान चणीचा पॉमेरेनियन आणला. राजघराण्याची आवड ती समाजाची आवड झाली आणि मूळची बरीच मोठी असलेली ही जात पाहता पाहता मांडीवर मावेल इतकी लहान करण्यात आली.

राजवाड्यांची जागा आता जाहिरातींनी आणि पडद्याने घेतली आहे. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ मधील टफीमुळे पांढरे केसाळ कुत्रे घरोघरी पोहोचले. २००३ मध्ये एका भ्रमणध्वनी कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलामागे धावणारा पग दिसला आणि शहरोशहरी पगची मागणी वाढली. चपट्या नाकामुळे त्या बिचाऱ्याला आपल्या उन्हाळ्यात धड श्वासही घेता येत नाही, ही गोष्ट जाहिरातीत कुठून दिसणार? आता ‘टीकप’ची, म्हणजे चहाच्या कपात मावणाऱ्या पिल्लाची टूम निघाली आहे. कोणतीही मान्यवर श्वानसंघटना ‘टीकप’ नावाची जात मानत नाही. वेतातील सर्वांत अशक्त पिल्लांची एकमेकांशी पैदास करणे, वयापूर्वीच आईपासून तोडून ‘पाहा किती लहान’ म्हणून विकणे, हे या शब्दामागचे बाजारी वास्तव आहे. विकत घेणारा ज्याला गोंडसपणा म्हणतो, ते पुष्कळदा कुपोषण असते. गुडघ्याची वाटी सरकणे, सोफ्यावरून उडी मारली तरी पायाचे हाड मोडणे, दाटीवाटीने दात येणे, गळ्यातल्या पट्ट्याने श्वासनलिका दबणे ही सारी त्याच हव्यासाची किंमत आहे. आणि ती खरेदीदार भरत नाही, पिल्लू भरते.

कायदा याबाबतीत मुका नाही. श्वानपैदास व विक्रीसंबंधीचे केंद्र सरकारचे नियम २०१७ मध्ये आणि प्राणी-दुकानांसंबंधीचे नियम २०१८ मध्ये आले. पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता कामा नये, हे त्यांत स्पष्ट आहे. परंतु रविवारी सकाळी टोपलीत पिल्लू घेऊन येणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारणारे ग्राहक किती? पिल्लाची आई दाखवा, लसीची वही दाखवा, जन्मतारीख लिहून द्या, एवढ्या तीन मागण्या प्रत्येक कुटुंबाने केल्या तरी या धंद्यातील निम्मा अंधार दूर होईल. कायद्याचा हात जिथे पोहोचत नाही, तिथे जागरूक नागरिकाचा प्रश्न पोहोचू शकतो. संघाने आपल्या शताब्दीच्या निमित्ताने समाजापुढे ठेवलेल्या पंच परिवर्तनांत कुटुंब प्रबोधनाइतकेच नागरिक कर्तव्यालाही स्थान आहे. कर्तव्याचा आरंभ अशा लहान व्यवहारांतूनच होत असतो.

बारा तास बंद असलेले घर

आता पुन्हा त्या सदनिकेत येऊ. सकाळी साडेसात वाजता आई-बाबा महापे, ऐरोली किंवा बीकेसीच्या दिशेने निघतात. मूल शाळेत व तिथून शिकवणीला जाते. दार बंद होते ते रात्री आठला उघडते. वांद्रे-कुर्ला संकुलापासून शीळफाट्यापर्यंत एकवीस किलोमीटरचे भुयार बुलेट ट्रेनसाठी खोदले जात आहे. उद्या गुजरातकडे जाणारी गाडी या मातीखालून वाऱ्याच्या वेगाने जाईल आणि देशाच्या प्रगतीचा अभिमान प्रत्येकाला वाटेल. पण नोकरदाराचे तास त्या भुयारातून सुटणार नाहीत. तो आजच्याप्रमाणे फाट्यावरच्या गर्दीतून घरी येत राहील. दिवसातून चार वेळा ज्याला घास हवा, त्या जिवाला बारा तास बंद घरात ठेवणे ही हेतुपुरस्सर केलेली क्रूरता नसेल. परिणाम मात्र तोच होतो.

आजी-आजोबा ज्या घरात आहेत, त्या घरातले पिल्लू जगते आणि रमतेही, असा अनेकांचा अनुभव आहे. त्यात आश्चर्य नाही. दुपारी एक वाजता कोणीतरी घरात असणे ही एकत्र कुटुंबाची देणगी होती. लहान मुले, आजारी माणसे, दारची गाय, अंगणातले कुत्रे हे सर्व त्या ‘कोणीतरी’च्या भरवशावर वाढले. तो कोणीतरी घरातून वजा झाला आणि त्याच्या जागी सीसीटीव्ही कॅमेरा आला. कॅमेऱ्यातून कार्यालयात बसल्या बसल्या पिल्लू दिसते. त्याला घास भरविता येत नाही.

याचा अर्थ नोकरी करणाऱ्यांनी प्राणी पाळूच नये असा नाही. परंतु मग आधी दुपारची सोय लागली पाहिजे. संकुलातील एखाद्या निवृत्त दांपत्याशी शेजारधर्म जोडता येईल. पिल्लू येण्याआधी रजा राखून ठेवता येईल. पहिले तीन-चार महिने पती-पत्नींना आपल्या कामाच्या वेळा आलटून पालटून घेता येतील. यांतले काहीच शक्य नसेल, तर मुलाच्या हट्टाला ‘आता नाही’ म्हणण्याचे धैर्य पालकांनी दाखवावे. तोही संस्कारच आहे. ‘मला हवे’ आणि ‘मला सांभाळता येईल’ यांतला भेद ज्या मुलाला दहाव्या वर्षी कळला, ते पुढे आयुष्यातील कोणतीही जबाबदारी हलकेपणाने घेणार नाही.

एक आक्षेप इथे हमखास येतो. माणसांना खायला मिळत नसताना कुत्र्यांचे एवढे कौतुक कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. गरजूच्या मुखात घास घालणे हे पहिले कर्तव्य आहे, याविषयी दुमत नाही. परंतु घरात आणलेल्या मुक्या जिवाला उपाशी ठेवून त्या गरजूचे पोट भरत नाही. करुणा ही वाटून संपणारी वस्तू नाही. ती वापराने वाढणारी शक्ती आहे. मात्र पिल्लाचे वाढदिवस थाटात साजरे करून गावाकडच्या आईला महिनोन्‌महिने दूरध्वनी न करणे, ही करुणा म्हणता येणार नाही. प्राण्यावरचे प्रेम हे माणसांवरच्या प्रेमात भर घालणारे असावे, त्याची जागा बळकावणारे नसावे.

परंपरेने दिलेला धडा

आपल्या परंपरेत कुत्र्याला गादीवर बसविले नाही आणि दारातून हाकलूनही दिले नाही. गृहस्थाच्या नित्य पंचमहायज्ञांतील भूतयज्ञात श्वान, कावळे, किडामुंगी यांच्यासाठी अन्नाचा भाग काढून ठेवण्याचा विधी आहे. स्वतः जेवण्याआधी तो ठेवायचा असतो, हे त्यातले मर्म आहे. श्रीदत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान आहेत आणि खंडोबाच्या सोबतीलाही श्वान आहे. नामदेव महाराजांची कथा तर घरोघरी ठाऊक आहे. कुत्र्याने पोळी पळविली, तेव्हा ते काठी घेऊन धावले नाहीत. कोरडी पोळी घशाला लागेल म्हणून तुपाची वाटी घेऊन धावले. आजच्या पशुवैद्याने त्या तुपाला हरकत घेतली असती, पण त्या धावण्याला नाही. समोरच्या जिवाला काय हवे आहे हे त्याच्या बाजूने पाहणे, हा त्या कथेचा गाभा आहे.

महाभारताची गोष्ट याहून गंभीर आहे. महाप्रस्थानाच्या अखेरीस युधिष्ठिर सोबतच्या श्वानाला सोडून स्वर्गात जायला नकार देतो, हे सर्वांना माहीत असते. आदिपर्वाच्या आरंभीची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. जनमेजयाचे सत्र चालू असताना एक पिल्लू तिथे आले. राजाच्या भावांनी त्याला मारले. ते रडत आपल्या आईकडे, सरमेकडे गेले. तिने आधी त्यालाच विचारले, तुझ्याकडून काही अपराध झाला असेल. ते म्हणाले, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, त्याला तोंडही लावले नाही. तेव्हा सरमा थेट यज्ञमंडपात गेली आणि राजापुढे उभी राहून तिने जाब विचारला की, माझ्या निरपराध पिल्लाला का मारले? भरल्या सभेत कोणाजवळही उत्तर नव्हते. अकल्पित भय तुमच्यावर येईल, असा शाप देऊन ती निघून गेली आणि चक्रवर्ती राजा अस्वस्थ झाला. एका कुत्रीच्या प्रश्नाने राजसभा निरुत्तर होते, अशा प्रसंगाने आपले हे महाकाव्य सुरू होते. ज्यांनी ते रचले व जपले, त्यांची न्यायबुद्धी किती सूक्ष्म असेल!

ही परंपरा ग्रंथांत राहून चालणार नाही. आधुनिक भारताने ती कायद्यातही आणली. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० चा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. १९७६ च्या घटनादुरुस्तीने सजीवांविषयी करुणा बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून संविधानाच्या कलम ५१-अ मध्ये नोंदविले गेले. भूतयज्ञ आणि संविधान या बाबतीत एकच भाषा बोलतात.

निवड करण्यापूर्वी

ज्यांच्या घरी वेळ आणि माणसे आहेत, त्यांच्यापुढे निवडीचा प्रश्न उरतो. परदेशी खेळण्यावाचून पर्याय नाही, ही समजूत खोटी आहे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ३० ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये भारतीय जातीचे श्वान पाळण्याचे आवाहन केले, तेव्हा मुधोळ, राजापालयम, चिप्पिपराई अशा नावांची देशभर चर्चा झाली. तथापि स्वदेशीचा अभिमानही विवेकानेच बाळगावा लागतो. मुधोळ हा धावण्यासाठी जन्मलेला शिकारी श्वान आहे. त्याला दोन खोल्यांच्या सदनिकेत कोंडणे हा त्याच्यावरही अन्यायच होईल. शहरी घराला खरोखर साजेसा जीव बहुधा आपल्या इमारतीच्या फाटकाशीच असतो. गावठी म्हणून हिणविलेले देशी पिल्लू आपल्या हवेत तगते, सहसा सगळे खाते आणि चुकलेल्या एका जेवणाने दगावत नाही. लस, जंताचे औषध, निर्बीजीकरण आणि महापालिकेचा परवाना एवढे केले की, ते घरचे होते.

आणि ज्यांच्या घरी ते किलोभराचे पिल्लू आधीच आले आहे, त्यांनी त्याला आता परके मानू नये. त्याला कोणी लहान केले, कोणी लवकर विकले, हे प्रश्न बाजाराला विचारावेत. त्याची शिक्षा त्या जिवाला देऊ नये. थाळीपासून तोंड फिरवून बसलेले ते पिल्लू आपल्याशी भांडत नसते. आपण दिलेल्या अन्नाबरोबर आपण स्वतः तिथे आहोत की नाही, एवढेच ते पाहत असते. ज्या घरात त्याच्याशेजारी जमिनीवर पाच मिनिटे बसायला कोणीतरी आहे, त्या घरात आज ना उद्या थाळी रिकामी होते. पिल्लू आणण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने दुकानात जाण्यापूर्वी एका रविवारी एकत्र जेवायला बसून एवढेच ठरवावे की, दुपारी एक वाजता आपल्या घरात कोण असेल. उत्तर मिळाले तर खुशाल आणावे. न मिळाले तर त्या जिवाला त्याच्या आईपाशीच राहू द्यावे.